आधी गा, मग वाजवा

आमच्या व्हायोलिनच्या मॅडम माझ्याहून चार वर्षांनी लहान. नियम एकच: जे गाता येत नाही, ते वाजवायचं नाही. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. सूर कानात पक्का नसेल तर बोट ठेवणार कुठे?

एन. राजम यांचं गायकी अंगही असंच. वडिलांकडे कर्नाटक पद्धतीने शिकलेल्या राजमबाईंनी पुढे पं. ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकून ख्यालगायकी व्हायोलिनवर आणली. मुलीला, नातींनाही तेच शिकवलं.

तिशीच्या तोंडावर शिकून मी काही स्टेजवर जाणार नाही. सहा महिने झाले, भूपच चालू आहे. पण परवा माझा गंधार उतरलेला माझा मलाच ऐकू आला. मॅडम हसल्या, "आता शिकायला लागलात!"