चित्रांतील जीव

कुणकेश्वरच्या पुळणीवर चित्रें रेखाटणाऱ्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "सर, जाहिरातींतलीं पात्रें चालतात कशीं?"

उत्तरासाठीं आम्हांस दूर जावें लागलें नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या दोऱ्यांनीं नाचवितात. संगणकावरील पात्रासहि प्रथम आंतून सांगाडा व सांधे देतात; दोऱ्यांची जागा आंकड्यांनीं घेतली, इतकेंच. १९१५ सालीं दादासाहेब फाळके यांनीं 'आगकाड्यांची मौज' या चित्रपटांत काड्या किंचित् किंचित् हलवून एकेक चित्र टिपलें. चित्रपटाच्या हिशेबानें एका सेकंदास २४ चित्रें, म्हणजे ३० सेकंदांच्या जाहिरातीस ७२० लागतात! मधलीं चित्रें संगणक भरून काढतो. परंतु पात्रानें कोठें पाहावें, केव्हां थबकावें, हें मनुष्यासच ठरवावें लागतें.

पालकांस एक विनंती. असलें पात्र बहुधा माल खपविण्यासाठींच जन्मास येतें. मुलाचा हट्ट हेंच त्याचें यश. म्हणून पाल्यास तें नुसतें पाहूं न देतां घडवूं द्या. वहीच्या कोपऱ्यांत उसळत्या चेंडूचीं २४ चित्रें काढून पानें भरभर उलटूं द्या. ज्यानें बाहुलीची दोरी एकदां स्वतः धरिली, तो सहसा दुसऱ्याच्या दोरीनें नाचत नाहीं.