लाइन गेली तरी फिरणारी चक्की

आमच्या वाडीत दळण म्हणजे रविवारचं काम. आठवडाभर ऑफिस, आणि रविवारी सकाळी गव्हाचा डबा स्कूटीवर पायाशी ठेवून थेट चक्कीवर. नंबर लागला आणि नेमकी लाइन गेली, की झालं! अशाच एका रविवारी चक्कीवाले भाऊ म्हणाले, "औरंगाबादला पाण्यावरची चक्की आहे म्हणे. तिची लाइन जायचीच नाही!"

डोक्यात किडा वळवळला. पुढच्याच लाँग वीकएण्डला ऑफिसमधल्या आम्ही चौघांनी गाडी काढली.

वाडीहून शिवमडका गाठलं की समृद्धी महामार्ग सुरू. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, खरंच वीकएण्डच्या टप्प्यात आलं. सावंगीला उतरलो, हर्सूलवरून शहरात शिरलो. बीबी-का-मकबऱ्यापासून जेमतेम किलोमीटरभर, खाम नदीकाठी... पाणचक्की!

लांबरुंद हौद, कारंजी, उंच भिंतीवरून पडणारं पाणी, शेजारी अवाढव्य वड. पाच मिनिटांत फोटो काढून मोकळं व्हावं, असंच ठिकाण. आम्हीही तेच केलं. मग चक्कीच्या खोलीत डोकावलो, आणि तास कसा गेला कळलंच नाही.

हा दर्गा बुखाऱ्याकडून आलेले सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांचा. त्यांचं निधन १७१५ मधलं. दर्ग्याभोवती मशीद, मदरसा, सराई असं अख्खं संकुल. इथे येणाऱ्या फकिरांना, मुसाफिरांना रोज जेवू घालायचं तर पीठ हवं. म्हणून ही चक्की. जात्याची दगडी तळी वर, पाण्याच्या जोराने फिरणारं चक्र खाली, आणि दोघांना जोडणारा उभा दांडा. बस्स! ना मोटर, ना पट्टा.

आणि हौदाची आयडिया तर भन्नाट. त्याचा तळ हेच खालच्या दालनाचं छत. जाडजूड खांबांच्या रांगांवर अख्खं पाणी तोललेलं. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत गारवा. एसीची सवय लागलेल्या आपल्यासारख्यांनी इथे जरा टेकावंच.

पण खरी करामत दिसतच नाही. ती जमिनीखाली आहे. १६१० च्या सुमारास मलिक अंबरने खडकी गाव वसवलं आणि उत्तरेकडच्या टेकड्यांतलं पाणी भुयारी नहरींनी शहरात खेळवलं. पाणचक्कीची नहर त्याच परंपरेतली. आम्ही ज्या हर्सूलच्या बाजूने गाडीने आलो, त्याच बाजूने काही किलोमीटर पाणीही येतं, फक्त मातीच्या नळांतून आणि उताराच्या भरवशावर. वाटेत दगड-विटांचे मनोरे. पाणी त्यात वर चढतं, कोंडलेली हवा सुटते, पाणी पुन्हा खाली उतरून पुढे निघतं. शेवटच्या भिंतीवरून ते पडतं, तेव्हा चक्कीला जोर मिळतो.

म्हणजे नहर हीच या चक्कीची लाइन!

आणि तीच धोक्यात. शहर पसरलं तशा जुन्या नहरींवर घरं आली, रस्ते आले. कुठे नळ फुटले, कुठे सांडपाणी शिरलं. हौद, कारंजी, मशीद सगळं जपता येईल, रंगरंगोटीही होईल. पण नहर मेली, तर उरेल तो नुसता फोटोचा बॅकड्रॉप.

तेव्हा दोस्तहो, जाल तेव्हा धारेसमोर पोझ जरूर द्या. पण नंतर त्या भिंतीमागे पाणी कुठून येतं, हे विचारा. शहरात उभे असलेले जुने मनोरे शोधा. जे आपल्याला ठाऊकच नाही, ते फोडलं गेलं तरी आपण ओरडणार कसे?

परत आल्यावर डबा घेऊन गेले, तेव्हा भाऊंना सांगितलं, "तिचीही लाइन जाऊ शकते, भाऊ. खांबावरची नाही, जमिनीखालची."

पीठ झाडता झाडता ते म्हणाले, "आपली गेली तर तासाभरात येते. तिची गेली तर कोण आणून देईल, बाप्पा?"