जखम घेऊन परतणारे

रविवारी मिस्सा झाल्यावर धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले ‘मॅजिक: द गॅदरिंग’चे पत्ते मांडून वाद घालत होती. २००८च्या ‘शॅडोमूर’ संचातला ‘पर्सिस्ट’ बरा, की २०१२च्या ‘डार्क असेन्शन’मधला ‘अनडाइंग’? दोन्हींत मेलेला जीव एकदा परततो. पर्सिस्टमध्ये ताकद आणि टिकाव एकेकाने घटून, अनडाइंगमध्ये एकेकाने वाढून. बहुतेकांना अनडाइंगच हवा. साहजिक आहे, जिंकायचे असते! यंदा वडील गेलेला मुलगा मात्र म्हणाला, “सर, पर्सिस्टच खरा वाटतो. आई परत कामावर जाते, पण पहिल्यासारखी नाही.”

आम्ही धर्मशिक्षक पुनरुत्थानाचा पाठ दरवर्षी घेतो, पण थोमाला दाखवलेल्या जखमा घाईत उरकतो. पुढच्या रविवारी तिथूनच सुरुवात करणार आहोत.