नावेतला वर्षावास आणि उंब्रजचा संगम

साताऱ्याहून एस.टी.ने कराडकडे निघाले की पुणे-बंगळूर महामार्गावर कराडच्या अलीकडे उंब्रज लागते. बहुतेक प्रवाशांना उंब्रज म्हणजे गाडी बदलण्याचे ठिकाण. कुणाला चाफळला जायचे असते, कुणाला पाटणकडे, तर कुणाला कृष्णा ओलांडून मसूरला. चहा घ्यायचा, पिशवी उचलायची आणि दुसऱ्या गाडीत बसायचे. परंतु वाचक बंधू-भगिनींनो, पावसाळ्यात कधी या गावी उतरलात तर तासभर जास्त थांबा आणि नदीकडे चालत जा. पाटण तालुक्याच्या डोंगरातून आलेली तारळी नदी येथे कृष्णेला मिळते. दोन पाणी एकत्र येताना पाहण्यासारखे आहेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथे एक मोठा धडा मिळतो.

धडा असा, की आपल्या अंगणात ऊन पडलेले असते आणि नदी मात्र चढत असते!

असे का होते? कृष्णेचे पाणी महाबळेश्वरच्या डोंगरातून येते. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात पाचशे मिलिमीटर पडला तर लोक वर्ष चांगले म्हणतात. उंब्रजच्या वरच्या अंगाला धोम धरण आहे १३.५० टी.एम.सी.चे, वेण्णेवर कण्हेर १०.१० टी.एम.सी.चे, उरमोडी ९.९६ टी.एम.सी.चे आणि तारळी ५.८५ टी.एम.सी.चे. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. ही धरणे भरत आली की दरवाजे उचलावे लागतात. दहा हजार क्युसेक पाणी सोडले, असे आपण बातमीत ऐकतो. त्याचा अर्थ सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर पाणी! कोयनेचे पाणी मात्र उंब्रजला लागत नाही. ते खाली कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत येते आणि पुढे सांगलीकडे जाते. म्हणजे उंब्रजच्या माणसाने एका धरणांची बातमी ऐकायची, तर कराडच्या खालच्या माणसाने या साऱ्यांबरोबर कोयनेचीही. हा साधा भूगोल प्रत्येक घरात माहीत असायला हवा.

आता याचा आणि आपल्या धम्माचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो फार जुना आहे.

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून वर्षावास चालतो. भिक्खूंनी पावसाचे तीन महिने एके ठिकाणी राहावे, हा तथागतांनी घालून दिलेला नियम. विनयपिटकाच्या महावग्गात या नियमाचे तपशील आहेत. झाडाच्या ढोलीत, उघड्यावर किंवा छत्रीखाली वर्षावास करू नये, असे तेथे सांगितले आहे. परंतु गुराख्यांच्या तळावर, व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर आणि नावेवर वर्षावास करायला अनुमती आहे. होय, नावेवर! ज्यांचे पोट पाण्यावर आहे, त्यांचे घरही पाण्यावर असते. त्यांच्या सोबतीने राहणाऱ्या भिक्खूलाही धम्माने दूर लोटले नाही. आजही काश्मीरचे हांजी आणि बांगलादेशातील बेदे या समाजांतील कित्येक कुटुंबे नावेला घर मानत आली आहेत.

नावेवर राहणाऱ्या माणसाला हवामान ओळखावेच लागते. आजकाल घरी लावण्याची छोटी हवामान यंत्रे बाजारात मिळतात. पाऊस, वारा, उष्णता, दमटपणा आणि हवेचा दाब ती दाखवतात. परंतु हे यंत्र नावेवर लावले की सगळेच आकडे खरे राहत नाहीत. पाऊस मोजणाऱ्या भागात एक लहानशी तराजूसारखी पन्हळी असते. ठरावीक थेंब साचले की ती कलंडते आणि यंत्र एक आकडा मोजते. नाव डोलली की पाऊस नसतानाही पन्हळी कलंडू शकते, आणि पडलेला पाऊस चुकीचा मोजला जाऊ शकतो. वाऱ्याचेही तसेच. नाव पुढे चालली की तिच्या चालण्याचा वारा खऱ्या वाऱ्यात मिसळतो. म्हणून वारा मोजायचा तो नाव बांधून ठेवल्यावर. हवेचा दाब मात्र नावेवरही नीट कळतो. आपल्याकडे तो रोज दोनदा थोडा चढतो आणि दोनदा थोडा उतरतो, सकाळी दहाच्या सुमारास जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. त्याला घाबरायचे नाही. नेहमीच्या वेळेला सोडून दाब घसरत राहिला तर सावध व्हायचे.

वाऱ्याकडे दुर्लक्ष करणे किती महागात पडते, हे २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात दिसले. करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान चाललेली प्रवासी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. पाण्यावर सगळीकडे पांढरा फेस दिसू लागला की वारा ताशी वीस किलोमीटरच्या पुढे गेला, असे समजावे. लहान होडीने तेव्हा काठ सोडू नये. हे ओळखायला यंत्रही लागत नाही, डोळे लागतात.

पाऊस मात्र काठावरच मोजावा, आणि तो आपल्या हाताने मोजता येतो. वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीची प्लॅस्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून उलटा करून चाडीसारखा बसवा. तळ खोलगट असतो, म्हणून सरळ भाग सुरू होतो तेथपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. त्यावर मुलांच्या कंपासपेटीतील पट्टी चिकटवा. शून्याच्या वर एक मिलिमीटर पाणी चढले की एक मिलिमीटर पाऊस झाला. बाटली उघड्या जागी, सपाट आणि हलणार नाही अशी ठेवा. जवळच्या घराच्या किंवा झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ती असावी. रोज सकाळी साडेआठ वाजता वाचायचे, वहीत लिहायचे आणि पाणी पुन्हा शून्यावर आणायचे. हवामान खात्याचा दिवसही सकाळी साडेआठलाच मोजला जातो, त्यामुळे आपला आकडा त्यांच्या आकड्याशी ताडता येतो. खात्याच्या हिशेबाने चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाला तर जोरदार, ११५.६ झाला तर अति जोरदार आणि २०४.५ झाला तर अत्यंत जोरदार पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. पाचशे चौरस फुटांच्या पत्र्यावर शंभर मिलिमीटर पडला की साडेचार हजार लिटरहून अधिक पाणी त्या पत्र्यावरून खाली येते. सहावी-सातवीतील मुलगी हे गणित सहज करील.

राज्य शासनाच्या महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत. त्यांचा उपयोग आहेच. परंतु मंडळात अनेक गावे येतात आणि एका शिवारात कोसळणारा पाऊस दुसऱ्या शिवारात रिमझिमही नसतो. आपल्या वस्तीचा आकडा आपल्याच वहीत सापडेल.

वहीत दुसरी एक ओळही हवी, ती नदीची. पुलाच्या खांबावर किंवा काठावरच्या पक्क्या दगडावर आपली खूण ठरवावी. धरणातून पाणी सोडल्याची बातमी किती वाजता आली आणि खुणेला पाणी किती वाजता लागले, हे लिहावे. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की वरचे पाणी आपल्याकडे यायला किती तास लागतात, हे वहीच सांगेल. २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला २२ आणि २३ तारखेच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडींखाली माणसे गाडली गेली. वर असे काही चालले असता खालच्या वस्तीने निर्धास्त झोपावे, हे बरे नव्हे.

हे सारे एवढ्या आग्रहाने लिहिण्याचे कारण ब्रह्मनाळ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली. बोटीत पेलवतील त्याहून जास्त माणसे होती. १७ जण बुडाले. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. पाण्याने वेढल्यानंतर नाव ही शेवटची आशा असते आणि शेवटच्या आशेवर सगळेच चढतात. वेढा पडण्याआधी, रस्ता कोरडा असताना पायी निघालेल्या माणसाला बोटीची गरज लागत नाही.

कित्येक गावांत आपल्या वस्त्या सखल भागात, ओढ्या-नदीच्या अंगाला आहेत. ती जागा आपण निवडलेली नव्हती. पुराचे पाणी म्हणूनच आधी आपल्या उंबऱ्याला लागते. आणि दुष्काळात हेच पाणी आपल्याला नाकारले जात होते. उंब्रजहून कृष्णेपलीकडे थोड्याच अंतरावर मसूर आहे. १९०१ साली त्या मसूरच्या स्टेशनवर लहानगा भीमराव भावंडांसह उतरला होता. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. पोरे महार आहेत हे कळल्यावर गाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून ती निघाली. जवळ भाकरी होती, पण प्यायला पाणी मिळाले नाही म्हणून रात्र उपाशी काढावी लागली. तेच बाबासाहेब पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि देशाच्या पाण्याचे खाते त्यांच्या हाती आले. दामोदर खोऱ्याची योजना पुढे नेली ती त्यांनीच. नद्यांचे पाणी, सिंचन आणि जलवाहतूक पाहणारा केंद्रीय आयोग १९४५ साली त्यांच्याच काळात स्थापन झाला. जास्तीचे पाणी हे संकट समजून समुद्राकडे लोटू नका, ते मोजा, अडवा आणि माणसाच्या कामी लावा, ही त्यांची भूमिका होती.

आजही पंचांगात पावसाचे वाहन पाहिले जाते. यंदा बेडूक की म्हैस, यावर चर्चा रंगते. पुराच्या दिवसांत धरण फुटल्याची अफवा एका दमात दहा गावे फिरते. तथागतांनी कालामांना सांगितले, की ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या. बाटलीतले पाणी रोज वाचणे हे त्याच शिकवणीचे छोटे आचरण आहे.

म्हणून विनंती अशी. येत्या आषाढ पौर्णिमेला विहारात ग्रंथवाचन सुरू होईल, तेव्हा अंगणात एक पर्जन्यमापक ठेवा आणि नोंदवही वस्तीतील मुलामुलींच्या हाती द्या. नदीच्या खुणेला पाणी लागले की कोणत्या म्हाताऱ्या माणसाला कोण आणील, कोणत्या वाटेने उंचावर जायचे आणि कागदपत्रांची पिशवी कुठे असेल, हे महिला मंडळाने आधीच ठरवावे. घरदार सोडताना जीव तुटतो, लोक काय म्हणतील असेही वाटते. परंतु ज्या महावग्गाने नावेवर वर्षावास करू दिला, त्यानेच हेही सांगितले आहे, की आग, पाणी, साप किंवा चोर यांचे संकट आले तर भिक्खूने वर्षावास सोडून निघावे, त्यात दोष नाही. भिक्खूला व्रत सोडण्यात दोष नाही, मग आपल्याला चार भिंती सोडण्यात कसला कमीपणा? पाणी उंबऱ्याला लागायच्या आत निघा. भिंती पुन्हा उभ्या राहतात.