ओढ्याकाठचं गवत

व्हाइटफील्ड, बेंगळुरू, 14 जून

रात्री तासभर जोराचा पाऊस. उजाडताच वर्तूरच्या पुढे, जिथे अजून थोडी शेतं उरली आहेत, तिकडे गेलो. ओढ्याच्या एका काठाला नांगर पार पाण्यापर्यंत आणलेला. समोरच्या काठाला आठ-दहा पावलं रुंद गवत राखलेलं: हरळी, वाळ्याचे ठोंब, करंजाची दोन झाडं. नांगरलेल्या बाजूनं विटकरी पाणी उतरत होतं. गवताच्या बाजूला पाणी दिसेचना. वाकून पाहिलं, तर ठोंबांच्या वरच्या अंगाला बोटभर गाळाची पायरी साचलेली.

उतारावरून धावणारं पाणी काडीकाडीला अडखळतं. वेग गेला की त्याला ओझं पेलवत नाही. वाळू पहिल्या काही पावलांतच बसते, चिकणमातीचे बारीक कण मात्र तरंगत पुढे जातात. ते अडवायचे तर पाणीच मुरायला हवं, आणि कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या, गांडुळांची बिळं या मुरण्याच्या वाटा नांगरट न झालेल्या जमिनीतच टिकतात. स्फुरद बहुतेक मातीला चिकटून येतं. माती थांबली की तेही थांबतं.

22 जून

नत्राची गोष्ट वेगळी. तिथले एक शेतकरी आजोबा पालेभाजीला युरिया टाकत होते. त्याचं पुढे नायट्रेट होतं, ते पाण्यात विरघळतं आणि जमिनीखालून ओढ्याकडे सरकतं. वरचं गवत त्याला कसं धरणार? काम खाली चालतं. थोडं मुळं शोषून घेतात. काठाची माती ओली, हवा कमी, कुजलेला पाला भरपूर, अशा जागी सूक्ष्मजीव उरलेल्यातल्या बऱ्याचशा नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. मात्र पाणी त्या मुळांच्या थरातून सावकाश जायला हवं. खोल चर खणून निचरा थेट ओढ्यात सोडला, की गवताची पट्टी कितीही रुंद असो, तिची त्या पाण्याशी गाठच पडत नाही.

9 जुलै

आज जीव हळहळला. वरच्या बाजूला कुणीतरी बांधकामाची माती टाकली आहे. सगळं पाणी तिला वळसा घालून एकाच जागी पट्टीत घुसलं आणि हातभर रुंद ओघळ पाडून गेलं. दोन्ही बाजूंना गवत हिरवंगार, कोरडं, बिनकामाचं. आजोबा म्हणाले, ‘‘हुल्लु इदे, नीरु निल्लल्ला.’’ गवत आहे, पाणी थांबत नाही.

18 ऑगस्ट

बेंगळुरूत या काठांवरून न्यायालयात भांडण झालं आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2016 मध्ये तलावांभोवती 75 मीटर मोकळे ठेवायला सांगितलं. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं आणि जुन्या आराखड्यातले 30 मीटर परत आले. राजकालुव्यांनाही, म्हणजे तलाव जोडणाऱ्या जुन्या कालव्यांनाही, अशीच अंतरं आखून दिलेली आहेत. मला रुंदी हवीच आहे. ती गेली की काठावर उरतं ते काँक्रीट. पण मीटर मोजणाऱ्यांनी पाणी काठावर कसं येतं तेही पाहायला हवं. 2015 मध्ये वर्तूर तलावाचा फेस उडून रस्त्यावर आला, तो शहराच्या सांडपाण्याचा. नळातून, गटारातून येणाऱ्या पाण्याला काठचं गवत भेटतच नाही.

24 ऑगस्ट

आजोबांबरोबर ओघळावर दगडांची बुटकी आडवी ओळ लावली, माथा दोन्ही टोकांपर्यंत एका पातळीत. एक टोक जरी खाली राहिलं तरी पाणी तिथूनच पळतं. दगडांच्या खालच्या अंगाला वाळ्याचे सात ठोंब रोवले, एकमेकांना खेटून.

15 सप्टेंबर

कालच्या पावसात पाणी दगडांवरून चादरीसारखं पसरून गवतात उतरलं. वरच्या अंगाला चार बोटं गाळ. सातपैकी पाच ठोंबांना फूट आली आहे.