यंत्राची नजर, डॉक्टरांची सही

मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडू लागतो तेव्हा डोळा दुखत नाही, खुपतही नाही. कमी दिसायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या, असं डॉक्टर कळकळीने सांगतात. पण दिसतंय ना नीट, मग इन्सुलीसारख्या खेड्यातून सावंतवाडी गाठून दिवसाची मजुरी का बुडवायची, हा रुग्णाचा प्रश्नही खरा असतो.

या अडचणीवरचा एक उपाय मुंबईत अजमावला गेला. नेत्रतज्ज्ञ डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलवरच्या कॅमेऱ्याने मधुमेह्यांच्या पडद्याचे फोटो काढवून घेतले. काढणारा आरोग्यसेवक, पारखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि तीही इंटरनेटशिवाय. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २१३ जणांचे निष्कर्ष होते. तज्ज्ञाकडे पाठवायलाच हवा, असा एकही रुग्ण यंत्राच्या नजरेतून सुटला नाही. ज्यांना पाठवायची गरज नव्हती, त्यांच्यातल्या शंभरी अकरा-बारा जणांना मात्र त्याने पुढे धाडलं.

शहरात हा फेरा किरकोळ. इन्सुलीत तो पुन्हा एक बुडालेला दिवस.

यंत्राबद्दल डॉक्टरांची भूमिका अशा हिशेबातून घडते. तज्ज्ञच नाही तिथे यंत्र हवंच, असं अनेकांना वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ साली पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग चाळणीत छातीचा एक्स-रे संगणकाकडून वाचून घ्यायला मान्यता दिली. पण यंत्रावर विसंबून डॉक्टरची स्वतःची नजर बोथट होईल, ही धास्तीही निराधार नाही. पोलंडमधल्या २०२५ च्या अभ्यासात, मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत यंत्राची सवय लागलेल्या डॉक्टरांनी यंत्राविना केलेल्या तपासण्या पाहिल्या गेल्या. गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आलं होतं.

यंत्राचा अहवाल हातात पडला तरी इन्सुलीतला रुग्ण विचारणार, “डॉक्टरानू, तुमका काय वाटता?” त्याचं उत्तर द्यायचं तर डॉक्टरने फोटो आधी स्वतः पाहून आपलं मत नोंदवावं, मगच यंत्राचं वाचावं. दोन्ही मतं जुळली नाहीत तर शेवटची सही तज्ज्ञाची.

गावागावांत असे कॅमेरे जरूर यावेत. मात्र त्याआधी आरोग्य खात्याने दोन गोष्टी लेखी ठरवाव्यात: फोटो कोणता तज्ज्ञ फेरतपासणार आणि दोष निघालेल्या रुग्णावर किती दिवसांत, कुठे उपचार होणार.