माखल्याचा चढ, पेडर रोडचा चढ

अमरावती ते परतवाडा रस्ता सपाट आहे. डिसेंबरात दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी, शेंगांवर आलेली तूर आणि मधूनमधून संत्र्याच्या बागा. परतवाडा सोडून धारणीची एसटी घाटाला लागली की इंजिनाचा आवाज जड होतो, आणि घटांगच्या पुढे सागाचं रान रस्त्याच्या अगदी अंगाशी येतं. शेजारचे आजोबा बराच वेळ माझ्या पायाकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलंच.

"काहून बाप्पा, पाय मोडला होता काय?"

"मोडला नव्हता, हाडाला चीर गेली होती."

"आता दुखते?"

"नाही दुखत."

"मंग असा जपून काहून बसला? भेव बसलं दिसते."

भेव बसलंच होतं. ऑगस्टात डाव्या नडगीत दुखायला लागलं. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. अशी बारीक चीर सुरुवातीला बहुधा दिसतच नाही. एमआरआयमध्ये ती सापडली. स्ट्रेस फ्रॅक्चर. धावणं बंद. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी नाव त्याआधीच नोंदवलेलं होतं.

धावणाऱ्यांच्या गप्पांत अशा वेळी जोन बेनोइटचं नाव हमखास निघतं. १९८४ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या १७ दिवसांनी तिनं अमेरिकेची ऑलिंपिक निवड शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसला महिलांच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचं सुवर्णपदकही. गोष्ट खरी आहे आणि थोरही आहे. पण चिरलेल्या हाडाच्या माणसानं तिच्यावरून आपला हिशेब मांडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हाडाचं वेळापत्रक निराळं असतं. ताण पडला की शरीर आधी थकलेलं हाड पोखरून काढतं आणि मग त्या जागी नवं भरतं. या कामाला महिने लागतात आणि मधल्या काळात ती जागा उलट कच्चीच असते. दम मात्र काही आठवड्यांत परत येतो. छाती म्हणते पळ, हाड अजून तयार नसतं, आणि बरे होत आलेले कितीतरी जण नेमके याच फटीत पुन्हा जायबंदी होतात.

म्हणून सेमाडोह. चढावर चालताना हृदय-फुप्फुसांना भरपूर काम पडतं, पण पळताना पाऊल आपटून नडगीला बसतो तसा दणका बसत नाही. आमच्या अमरावतीत मैदानांची वाण नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि तिथली मुलं १९३६ मध्ये बर्लिनला देशी खेळ दाखवून आली आहेत. पण तासन् तास चढत राहावं असा डोंगर हवा तर मेळघाटच गाठावा लागतो.

मेळघाटातलं सेमाडोह सिपना नदीकाठी, डोंगरांच्या कुशीत आहे. वन विभागाच्या पर्यटन संकुलात उतरलो. पहाटेची थंडी अशी की चहाचा पेला दोन्ही हातांत धरूनही बोटं वळेनात. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांतला मेळघाट हा एक. इथे एकट्यानं पळत सुटायचं नसतं. गावातला एक कोरकू तरुण सोबत आला. जंगलात पायी गस्त घालण्याचं काम त्यानं केलेलं होतं. आम्ही माखल्याच्या वाटेला लागलो.

माखला हे गाव वर डोंगरमाथ्यावर आहे. खाली धुकं, वर कोवळं ऊन, साग, ऐन, धावडा आणि बांबूची बेटं. एका वळणावर तो थांबला आणि काठीनं वारूळ दाखवलं. ताजं उकरलेलं होतं, ओली माती बाहेर पडली होती. "अस्वल. रात्रीच येऊन गेलं," तो म्हणाला, आणि पुढची वाट मोठ्यानं बोलत चालला. चाहूल न लागता समोरासमोर गाठ पडली तर अस्वल अंगावर येतं, म्हणून. वाटेत माथ्यावरच्या बाया खाली बाजाराला निघालेल्या भेटल्या. डोईवर ओझं, पायांत साध्या चपला. मी ज्याला सराव म्हणत होतो तो त्यांचा रोजचा रस्ता होता, आणि त्यांना पाय दुखला म्हणून एमआरआयला न्यायचं तर आधी हाच घाट उतरावा लागणार. मेळघाटातल्या रस्त्यांची आणि दवाखान्यांची चर्चा चालते तेव्हा मला आता त्या बाया आठवतात.

चढ छान गेला. परीक्षा उताराची होती, कारण नडगीला खरा मार उतारावरच बसतो. मी त्या तरुणाची पावलं न्याहाळू लागलो. तो टाच आपटत नव्हता. गुडघे किंचित वाकलेले, पावलं आखूड आणि भरभर, काठी शरीराच्या पुढे. सैल मुरमावर तर तो जरासा आडवा होऊन उतरायचा. मीही तसंच केलं. सिपनेच्या काठी एका दगडावर बसून नडगीच्या त्या ठिकाणी अंगठा दाबला. फिजिओथेरपिस्टची हीच खूण होती: बोटानं दाबून हाड दुखलं तर थांबायचं, नुसते स्नायू भरून आले तर हरकत नाही. हाड गप्प होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच चढ.

मग जानेवारी आला. अमरावती–मुंबई एक्स्प्रेस सीएसएमटीला सोडते आणि मॅरेथॉनही तिथूनच सुटते. अंधारात धावायला लागलो: नऊ मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, पहिल्या मिनिटापासून. जेफ गॅलोवे या अमेरिकन ऑलिंपियननं रूढ केलेली ही पद्धत. दमल्यावर नव्हे, दमण्याआधी चालायचं. सी लिंकवर वारा होता. माणसं भराभर पुढे निघून जात होती आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, ऊन चढल्यावर, अंगातलं सगळं सरत आल्यावर येतो. तो मी पूर्ण चालत चढलो, आणि केम्प्स कॉर्नरकडे उतरताना गुडघे वाकवून, आखूड पावलं टाकत उतरलो. बाजूनं एक मुलगा ओरडला, "काका, आता थोडंच!" गिरगाव चौपाटीनंतर मरीन ड्राइव्ह संपता संपेना. पण ४२.१९५ किलोमीटर पुरे झाले.

आझाद मैदानात गवतावर बसून मोजा खाली सरकवला आणि नडगीवर अंगठा दाबला. हाड दुखलं नाही. मांड्या मात्र अशा धरल्या होत्या की संध्याकाळी गाडीत चढताना मागच्या प्रवाशाला हात मागावा लागला, आणि त्यानं तो दिला.